फ्रिजसाठी वीजमापक: दोन स्वस्त स्मार्ट प्लगांवरील कामाच्या नोंदी

३ मार्च

फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसभरात एकूण किती वेळ चालतो आणि किती वीज खातो, याची सलग नोंद हवी होती. तयार वीजमापक आकडा दाखवतात, परंतु तो संगणकाकडे पाठवत नाहीत. जे पाठवतात ते महाग असतात. स्मार्ट प्लगमध्ये मात्र वीज मोजणारी चिप, वाय-फाय आणि रिले (चिपच्या आज्ञेने वीज चालू-बंद करणारा स्विच) हे तिन्ही एकत्र मिळते. अडचण एवढीच, की त्याचे मूळ फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये घातलेला प्रोग्राम, सगळी माहिती आधी बाहेरच्या सर्व्हरकडे नेते. हे फर्मवेअर काढून स्वतःचे घालायचे आणि प्लगचा उपयोग केवळ मापक म्हणून करायचा, असे काम ठरवले.

एकाच नावाचे, एकाच खोक्यातले दोन प्लग घेतले आहेत. वायरी न जोडता फर्मवेअर बदलण्याचा मार्ग म्हणजे ट्युया-क्लाउडकटर, मूळ फर्मवेअरमधील सुरक्षेच्या एका फटीतून शिरणारे साधन. पण नव्या फर्मवेअरमध्ये ती फट बुजवलेली असते, आणि या प्लगांवर तो मार्ग चालला नाही. त्यामुळे प्लग उघडणे आले. आवरण अल्ट्रासॉनिक पद्धतीने चिकटवलेले आहे, स्क्रू एकही नाही. सांध्यात पाते घालून उचकटण्याची पद्धत पुष्कळजण सांगतात. हात कापून घेण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याऐवजी प्लग कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये कोपऱ्यांकडून हळूहळू दाबला, दर थोड्या वेळाने फिरवला, आणि चौथ्या कोपऱ्याला ‘टक्’ असा आवाज होऊन सांधा सरळ रेषेत सुटला.

आतमध्ये पहिले आश्चर्य निघाले. बाहेरून जुळे दिसणाऱ्या या प्लगांपैकी एकात ईएसपी८२८५ चिप असलेले मॉड्यूल आहे आणि दुसऱ्यात सीबी२एस, म्हणजे बीके७२३१एन चिपचे मॉड्यूल. दोन्ही मॉड्यूलांचा आकार आणि मुख्य पिनांची जागा सारखी असल्याने उत्पादक जे हाती लागेल ते बसवतो. म्हणून दुसऱ्या कोणाच्या नोंदी वाचून, मॉडेल क्रमांकाच्या भरवशावर साहित्य मागवू नये. आधी झाकण उघडावे, चिपवरची अक्षरे भिंगाने वाचावीत आणि मगच पुढचा बेत करावा.

आणखी एक गोष्ट भिंगाखाली दिसली. खोक्यावर १६ अँपिअर छापले आहे, तर रिलेच्या अंगावर १० अँपिअर. फ्रिजला एवढ्याची गरज नाही, पण या प्लगवर पाणी तापवण्याचे यंत्र कधीही लावायचे नाही, हे येथेच ठरले.

५ मार्च

आज डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) काम केले नाही; केवळ मापे घेतली. प्लग भिंतीपासून पूर्ण सुटा असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब मॉड्यूलच्या ग्राउंडवर आणि दुसरा प्लगच्या पिनेवर टेकवला. मल्टिमीटर वाजला. याचा अर्थ असा, की आतला ३.३ व्होल्टचा पुरवठा घरच्या विजेपासून विलग केलेला नाही आणि ज्याला आपण ग्राउंड म्हणतो तो बिंदू प्लग लावताच थेट वीजवाहक तारेला जोडला जातो. वीज मोजण्यासाठी विद्युतप्रवाहाच्या वाटेतच शंट (अगदी कमी रोधाचा रेझिस्टर) बसवलेला असल्यामुळे अशी रचना केली जाते; तो दोष नव्हे. परंतु अशा अवस्थेत चिपला संगणकाशी जोडणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडला आणि प्लग भिंतीत लावला, तर संगणक जळेल आणि त्याला हात लावणारा माणूसही वाचेलच असे नाही.

म्हणून या कामाचा नियम एकच आहे: सीरियलची वायर जोडलेली असेल तर प्लग भिंतीत नाही आणि प्लग भिंतीत असेल तर आवरण बंद. चिपला लागणारे ३.३ व्होल्ट बाहेरून द्यायचे. भिंतीतून काढल्यानंतरही पुरवठ्याच्या बाजूचा उंच व्होल्टेजचा कपॅसिटर काही काळ भरलेला राहतो, त्यामुळे बोर्ड हातात घेण्यापूर्वी त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजून खात्री करावी.

८ मार्च

ईएसपी८२८५ चा प्लग आधी घेतला. त्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे: जीपीआयओ० ही पिन ग्राउंडला जोडून पुरवठा सुरू केला की चिप फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेत जाते. मॉड्यूलच्या टोकांवर बारीक वायरी डागल्या, प्रसारणाची वायर ग्रहणाला आणि ग्रहणाची प्रसारणाला अशी उलटसुलट जोडली.

चिप ओळखली गेली, पण १ मेगाबाइट मेमरीची प्रत काढताना वाचन मधेच तुटू लागले, आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी. सर्व डाग तपासले, वायरी आखूड केल्या, वेग कमी केला. बराच वेळ त्यातच गेला. दोष पुरवठ्यात होता. अडॅप्टरमधील एफटी२३२आरएल चिपच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून फक्त ५० मिलिअँपिअर मिळू शकतात आणि ईएसपीची भूक त्यापेक्षा मोठी असते. ठराविक जागी नव्हे तर कुठेही वाचन तुटणे ही पुरवठा अपुरा असल्याची खूण मानावी. यूएसबीच्या ५ व्होल्टवर एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर बसवला, दोन्ही बाजूंना कपॅसिटर दिले, अडॅप्टरचे आणि बोर्डाचे ग्राउंड एकत्र केले. त्यानंतर प्रत सलग निघाली. दोनदा काढून चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवला. लिहिताना मेमरीशी बोलण्याची डीआऊट ही पद्धत निवडावी लागते, कारण ईएसपी८२८५ मध्ये मेमरी चिपच्या आतच असते आणि इतर पद्धतींनी लिहिल्यास चिप सुरूच होत नाही.

९ मार्च

सीबी२एसने अधिक त्रास दिला.

या चिपची रीत वेगळी आहे. येथे जीपीआयओ० सारखी पिन नाही. संगणकावरील एलटीचिपटूल हे फर्मवेअर वाचण्या-लिहिण्याचे साधन वाट पाहत असताना चिप रीसेट करायची, म्हणजे ती काही क्षण सीरियलवर उत्तर देते. पुरवठ्याची वायर काढून पुन्हा लावली तरी चिप रीसेट होत नव्हती. पुरवठा काढलेला असताना व्होल्टेज मोजले तेव्हा कारण समजले: अडॅप्टरच्या प्रसारण पिनेतून चिपच्या संरक्षक डायोडवाटे वीज आत झिरपत होती, आणि चिप ना धड बंद ना धड चालू अशी राहत होती. पुरवठ्याला हात न लावता सीईएन ही पिन क्षणभर ग्राउंडला टेकवली की रीसेट स्वच्छ होतो. पुरवठा तोडण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आढळते. ती काही अडॅप्टरांवर चालते, काहींवर नाही.

रीसेट होऊनही चिप उत्तर देईना. तिच्याकडून येणाऱ्या ओळी संगणकावर दिसत होत्या, म्हणजे एक दिशा ठीक होती. संगणकाकडून जाणारी दिशा बंद होती. ग्रहणाच्या पिनेपासून निघणारी तांब्याची रेघ भिंगाखाली शोधत गेलो तेव्हा ती थेट प्लगच्या बटणापर्यंत पोहोचली. बटणाच्या शेजारी ग्राउंडकडे जाणारा एक बारीक कपॅसिटर होता. तो काढून मापला, १०० नॅनोफॅरड निघाला. बटणाची थरथर जिरवण्यासाठी तो ठीक आहे. सीरियलसाठी मात्र तो फास ठरतो. संरक्षणासाठी वायरीत ४७० ओहमचा रेझिस्टर घातला होता. दोन्ही मिळून कालांक (व्होल्टेज चढायला लागणाऱ्या वेळेचे माप) सुमारे ४७ मायक्रोसेकंद होतो, आणि ११५२०० च्या वेगाला एक बिट जेमतेम ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. बिट चढायच्या आतच संपत होते. कपॅसिटर काढण्यापूर्वी नुसता रेझिस्टर काढून पाहिला होता, तरीही सिग्नलचा चिखल कायम राहिला होता. या चिपशी पहिली ओळख याच वेगाने करावी लागत असल्याने वेग कमी करण्याची सोय नव्हती. कपॅसिटर गेल्यावर पहिल्याच रीसेटला चिप बोलली.

तो कपॅसिटर परत बसवलेला नाही. बटणाची थरथर नव्या फर्मवेअरमध्ये ५० मिलिसेकंदांची सवड ठेवून जिरवता येते.

१२ मार्च

सीबी२एसच्या २ मेगाबाइट मेमरीची प्रत ११५२०० च्या वेगाने तीन मिनिटांच्या आसपास निघते. येथेही दोन प्रती काढून त्या जुळवल्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून टाळली जाते, पण मेमरीत रेडिओचे कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ता असतो, जो त्या एकाच नगाचा असतो. तो पुसला गेला तर दुसऱ्या प्लगची प्रत घालून वाय-फाय पूर्ववत होत नाही.

प्रतीचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा ठरला. मूळ फर्मवेअरची संरचना त्यातच साठवलेली असते आणि एलटीचिपटूलमधील यूपीके-टू-ईएसपीहोम ही जोडणी ती वाचून कोणत्या पिनेवर रिले, कोणत्या पिनेवर बटण, दिवा आणि मापक चिपच्या तीन रेषा आहेत, हे सरळ सांगते. ईएसपीच्या प्लगमध्ये मात्र ही माहिती बोर्डावर मल्टिमीटर फिरवून रेघा शोधूनच मिळवली. दोघांच्या पिना वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एकाची संरचनेची फाइल दुसऱ्यावर घालण्याचा प्रश्नच नाही.

एक सावधगिरी: प्लग आधी वापरात असेल तर या प्रतीत आपल्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड असू शकतात. मदत मागताना ती फाइल कोणाला पाठवू नये.

१५ मार्च

दोन्हींवर ईएसपीहोम या घरगुती उपकरणांसाठीच्या मुक्त प्रकल्पाचे फर्मवेअर गेले. बीके७२३१ चिपांना ईएसपीहोमचा आधार लिब्रेटाइनीच्या रूपाने २०२३ मध्ये मिळाला, त्यामुळे आता दोन्ही प्लगांची फाइल सारख्याच भाषेत लिहिता येते.

टेबलावर तपासताना आज्ञा दिली की दिवा लागतो, पण रिले मात्र वाजत नाही. पिन चुकली असे वाटून रेघा पुन्हा तपासल्या; त्या बरोबर निघाल्या. रिलेची कॉइल ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आहे आणि टेबलावर आपण केवळ ३.३ व्होल्ट देत आहोत, तेव्हा ती हलणारच नाही. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर व्होल्टेज चढते-उतरते एवढे पाहून पुढे जावे. वायरी काढल्या, आवरण पट्टीने घट्ट बांधून प्लग भिंतीत लावला, आणि वाय-फायवरून आज्ञा देताच रिले वाजला.

१६ मार्च

कॅलिब्रेशन. मापक चिप बीएल०९३७ आहे. तिच्या एका पिनेवर शक्तीच्या प्रमाणात पल्स येतात. दुसऱ्या पिनेवर व्होल्टेज किंवा प्रवाह यांपैकी एकच येते, आणि काय यावे हे तिसरी पिन ठरवते. काही बोर्डांवर या तिसऱ्या पिनेचा अर्थ फर्मवेअरच्या समजुतीपेक्षा उलटा लागतो. ईएसपीच्या प्लगमध्ये तसेच झाले: काहीही जोडलेले नसताना ‘प्रवाह’ भरपूर आणि ‘व्होल्टेज’ शून्य. फाइलमध्ये ती पिन उलटी केली की दोन्ही आकडे आपापल्या जागी येतात.

भार म्हणून फिलामेंटचा बल्ब आणि साधा हीटर वापरला. एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर यासाठी निरुपयोगी आहे, कारण त्यांत व्होल्टेज गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती होत नाही. इस्त्रीही नको, तिचा थर्मोस्टॅट मधेच बंद पडतो आणि आकडे हलतात. आधी व्होल्टेज, त्यानंतर प्रवाह आणि शेवटी शक्ती असा क्रम ठेवावा. व्होल्टेज मल्टिमीटरशी जुळवण्यासाठी फाइलमधील विभाजकाचे (घरचे व्होल्टेज चिपला झेपेल इतके कमी करणाऱ्या रेझिस्टरांचे) गुणोत्तर बदलले. प्रवाह जुळवण्यासाठी तेथेच शंटचे मूल्य बदलले; त्यावर आर००१ म्हणजे १ मिलिओहम छापलेले आहे, पण डागाचा रोधही त्यात मिसळतो. ही दोन मूल्ये बरोबर बसली तर बल्बवर शक्तीचा आकडा आपोआप त्यांच्या गुणाकाराशी जुळतो. सीबी२एसच्या प्लगमध्ये तो जुळला. ईएसपीच्या प्लगमध्ये थोडा फरक राहिला, तो शक्तीला वेगळा गुणक देऊन काढला. हे मला फारसे आवडलेले नाही, पण बल्ब आणि हीटर दोन्हींवर तोच गुणक चालतो.

२२ मार्च

फ्रिजवर लावलेला सीबी२एसचा प्लग काही दिवस व्यवस्थित चालला. आज नोंदी साठवणारा संगणक दुरुस्तीसाठी बंद होता, आणि थोड्या वेळाने फ्रिजमागून ठरावीक अंतराने ‘टक्’, गुणगुण आणि पुन्हा ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करीत होता आणि त्याचे अतिभार-संरक्षण त्याला तोडत होते.

कारण फर्मवेअरच्या एका मूळ सेटिंगमध्ये आहे. ईएसपीहोममध्ये एमक्यूटीटी (उपकरणांचे आकडे पोहोचवणारी संदेश-पद्धत) सर्व्हरशी, म्हणजे नोंदी घेणाऱ्या त्या संगणकाशी, १५ मिनिटे संपर्क झाला नाही, तर चिप स्वतःला पुन्हा सुरू करते. दिवा किंवा पंख्यासाठी हे चालून जाते. फ्रिजच्या बाबतीत पुन्हा सुरू होताना रिले क्षणभर सुटतो आणि लगेच लागतो. चालू कॉम्प्रेसर थांबल्यावर आतल्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज आली तर मोटर अडकते, प्रवाह वाढतो आणि संरक्षण वीज तोडते. ‘वीज येताच रिले चालू’ हे सेटिंग मी आधीच केलेले होते, पण ते या क्षणभराच्या खंडावर उपाय नाही; उलट वीज लगेच परत देऊन तेच कॉम्प्रेसरला अडकवते.

रीबूट टाइमआउट, म्हणजे पुन्हा सुरू होण्यापूर्वीची ही मुदत, एमक्यूटीटी आणि वाय-फाय दोन्हींसाठी शून्य केला; शून्य म्हणजे ही सोय बंद. एकच शून्य केला तर दुसरा तेच करील, म्हणून दोन्ही तपासावेत.

२४ मार्च

टाइमआउट शून्य झाला तरी फर्मवेअरची नवी आवृत्ती घालताना चिप पुन्हा सुरू होणारच. मुळात मापकाला रिलेची गरज काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. आज प्लग काढून, कपॅसिटर उतरल्याची खात्री करून, रिलेच्या दोन्ही संपर्कांच्या डागांमध्ये २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा आखूड तुकडा डागला. बोर्डावरील तांब्याची रेघ तापून उचलली जाऊ नये म्हणून मोठे टोक आणि भरपूर फ्लक्स वापरले. वायर सरळ न ठेवता तिच्या शेजारच्या न्यूट्रलच्या डागापासून दूर वळवली. फर्मवेअरमधून रिलेचा उल्लेखच काढून टाकला.

याचा एक अनपेक्षित फायदा झाला. अशा रिलेची कॉइल चालू असताना साधारण ०.३६ वॅट घेते. वर्षभराचा हिशेब केला तर ३ युनिटांहून थोडी अधिक वीज, आणि तेवढीच उष्णता त्या बंद डबीत. तीही वाचली. तोटा असा, की या प्लगचे बटण दाबून आता काहीही बंद होत नाही. आवरणावर ‘कायम चालू, बटणाने बंद होत नाही’ असे ठळक लिहून ठेवले आहे, कारण घरातील दुसरी व्यक्ती बटण दाबून वीज गेली असे समजेल आणि आत हात घालील, हा धोका खरा आहे.

२ एप्रिल

आकडे दर सेकंदाला मागवले होते. फ्रिज शांत असताना आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता. या मांडणीत २ वॅटला सेकंदाला साधारण एक पल्स येते, त्यामुळे एका सेकंदात एक पल्स इकडेतिकडे झाली की आकडा २ वॅटने उडतो. दहा सेकंदांचे अंतर ठेवले तेव्हा पायरी ०.२ वॅटवर आली आणि ती दिसेनाशी झाली. मात्र दर आठ वाचनांनंतर व्होल्टेज आणि प्रवाह यांची अदलाबदल होते, म्हणजे दहा सेकंदांच्या अंतराला प्रवाहाचा आकडा ८० सेकंदांपर्यंत शिळा असू शकतो. शक्तीची पिन वेगळी असल्याने तिला हा विलंब लागू नाही. आलेख शक्तीचाच काढावा. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणिक झटका मात्र या आलेखात दिसत नाही, आणि त्यासाठी हे साधनही नव्हे.

कॉम्प्रेसरची दरवेळी किंचित तिरकी उतरत जाणारी पट्टी आणि मधूनच एक उंच, अगदी सपाट माथ्याचा ठोकळा असे दोन आकार ओळखू येतात. तो सपाट ठोकळा बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा आहे.

११ एप्रिल

आवरण कायमचे बंद केले. ॲसिटोनने सांधा चिकटवण्याचा विचार होता, पण आवरण पॉलिकार्बोनेटचे आहे आणि ॲसिटोनने त्यावर केसासारखे तडे जातात. दोन भागांचे इपॉक्सी सांध्यात बारीक रेषेत लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवले. पुढे कधी फर्मवेअर बदलायचे झाले तर ते वाय-फायवरून जाईल, याची खात्री चिकटवण्यापूर्वी एकदा नवी आवृत्ती पाठवून करून घेतली.

दाराच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यात कागदाची पट्टी अडकत नव्हती, ओढली की सरळ बाहेर येत होती, म्हणजे दार तेथे घट्ट बसत नव्हते. रबर कोमट पाण्याने पुसून, केस वाळवण्याच्या यंत्राने थोडे मऊ करून जागेवर बसवले. आलेखात कॉम्प्रेसरच्या दोन पट्ट्यांमधील अंतर तेव्हापासून वाढलेले दिसते. दुसरा, म्हणजे ईएसपीचा, प्लग रिले शाबूत ठेवून टेबलावरच्या दिव्यासाठी वापरणार आहे. त्यातील वेगळा गुणक कशामुळे लागतो हे शोधण्यासाठी व्होल्टेज विभाजकाचे रेझिस्टर एकेक काढून मोजायचे आहेत.